कोपऱ्यातली बांधी

२६ सप्टेंबर २०२४, क्येला

ही वही दामिनीची. पहिल्या बारा पानांवर तिचा बी.ए.चा भूगोल आहे, तेराव्यापासून मी. बॅग भरताना पोरीनं वही आत खुपसली अन म्हणाली, "पप्पा, तिथं बोलायले कोणी नसलं तं यात लिहा." मी हासलो होतो. म्हटलं, सत्तावीस वर्षं राइस मिलमध्ये काढली, मशीन एवढी बोंबलते की बोलायची सवयच राहिली नाही. आज चौथा दिवस आहे अन मी लिहून राहिलो.

मी चैतराम, गोंदियाचा मिल मिस्त्री. गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, घरची चार बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या चार तुकड्यांची, धानाची शेती. इथं टांझानियात आलो, कारण इथल्या एका शेठनं गोंदियाहून आख्खी राइस मिल घेतली. जुनी, पण ठणठणीत. बॉयलर, धान भिजवायचे हौद, तूस काढायचा सेलर, पॉलिशर, सगळं जहाजात भरून आणलं. ते जोडायचं, चालवायचं अन इथल्या माणसाच्या हाती देऊन घरी जायचं. दोन महिने.

इथला माणूस म्हणजे एलिया. चाळिशीचा असंल. शहरात एका हिंदुस्थानी दुकानदाराकडे दहा वर्षं होता, म्हणून मोडकी हिंदी बोलते. या गावात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "मिस्त्री, मुंबई?"

"मुंबई नहीं. गोंदिया."

"गोंदिया कहाँ?"

घ्या! कहाँ म्हणते. मी म्हटलं, "जिधर से दुनिया को चावल जाता है, उधर." त्यानं मान डोलावली. समजलं काही नाही त्याले.

३० सप्टेंबर

ऑफिसच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. आज जेवणाच्या सुट्टीत चष्मा लावून पाहिला. मुंबई आहे, दिल्ली आहे. नागपूरही नाही, तं गोंदिया कुठून असणार. पेन काढला अन ठिपका दिला. ठिपका जरा मोठाच झाला, अर्धं बालाघाट आत आलं. असू दे, तिथंही आपलीच सोयरीक आहे.

मंग लाल ऑइल पेंट उरला होता, त्यानं धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरवर मोठ्या अक्षरांत "गोंदिया" लिहिलं. इथं वाचणारा कोणी नाही. पण सकाळी मिलमध्ये शिरलो की मले दिसते अन बरं वाटते.

६ ऑक्टोबर

एलियाले मी आठवडाभर चोरखमाऱ्याचा तलाव सांगून राहिलो होतो. "बड़ा. समुंदर जैसा." तो म्हणे, आमच्याकडंही एक तलाव आहे, रविवारी दाखवतो. आज बसनं घेऊन गेला.

बाप्पा! पलीकडचा काठच दिसत नाही. लाटा येतात.  एलिया भला माणूस आहे, माझ्या समुंदरची आठवण काढली नाही, त्यानं वाळूत बसून उसाचं कांडं खाल्लं अन मले दिलं.

पण याले पाळ नाही. मी सगळीकडं पाहिलं. ज्या तलावाले पाळ नाही, नहर नाही, त्याचं पाणी कोणाच्या बांधीत जाते? कोणाच्याच नाही. नुसतं मोठं असून काय करायचं. येताना बसमध्ये त्याले मी हे सांगितलं. तो म्हणाला, "हाँ, मिस्त्री, तुम्हारा अच्छा." असं म्हणल्यावर मले बरं वाटायले पाहिजे होतं.

१० ऑक्टोबर

आज घरी फोन लागला. इथं सकाळचे आठ, तिथं साडेदहा. दामिनी कॉलेजले गेली होती, घरी बायकोच होती, देवका. मी तिले नकाशातला ठिपका सांगितला, मिल किती उभी झाली ते सांगितलं, इथले लोक कसे गोंदिया गोंदिया करतात तेही सांगितलं. (एकटा एलिया करते. पण सांगायले काय जाते.)

ती म्हणाली, "अजी, आयका ना. नहराचं पानी बंद होऊन राहिलं. कोपऱ्यातल्या बांधीले अजून दोन पानी पाह्यजेत."

"आता पानी कायले? धान तं पिकला असंल."

"तीन बांध्या पिकल्या. कोपरा आता निसवून राहिला, लोंब्या आता कुठं निघून राहिल्या."

"मंग उशिरा रोवला असंल तुमी. एका कोपऱ्यासाठी पानी पानी काऊन करतेस? मनिरामले सांग, कापणी त्याच्याकडंच हाये, चारही बांध्या सप्पा एका दमात कापून टाक अन हरभरा टाका."

 ती एकदम "जेवले का?" म्हणाली. मी म्हटलं जेवलो. फोन ठेवल्यावर आठवलं, अजून चहाही झाला नव्हता.

१७ ऑक्टोबर

मिल चालू झाली. पट्टे फिरले, तूस उडाला, गडी लोकांनी टाळ्या वाजवल्या. अन तांदूळ पाहिला तं माझं तोंड उतरलं. मुठीत घेतला तं निम्मी कनकी. तुकडे तुकडे. इथल्या बाया धान कडक उन्हात वाळवतात, मंग चार महिने गोदामात. एक दाणा दाताखाली धरला तं कट्ट वाजला. असा धान सेलरमध्ये गेला की फुटणारच.

सेलर ढिला केला, पुन्हा चालवला. कनकीच. गोंदियाच्या मिलमधून एवढी कनकी निघाली असती तं मालकानं मले दारात उभं केलं नसतं.

अन चोवीस तारखेले बाया येणार आहेत. इथल्या अडतीस बायांचा गट आहे. सगळा धान त्यांच्याच हातात. त्यांच्या प्रमुख मामा अतुपेले. इथं मानाच्या बाईले मामा म्हणतात, मले पहिल्यांदा हासू आलं होतं. साठीच्या असतील, उंच, बोलणं कमी. त्या चार पोते धान देऊन गेल्या आहेत. तांदूळ पसंत पडला तं वर्षभराचा धान या मिलले. नाही तं चौकातल्या जुन्या हलरवर, त्या लहान गिरणीवर. शेठनं फोनवर साफ सांगितलं, बायांचा धान आला नाही तं मिल बंद, मशीन भंगारात, अन एलियाची नोकरीही गेली. माझं नाव जाईल ते वेगळंच. एकट्या चैतरामचं गेलं असतं तं चाललं असतं. एलिव्हेटरवर लिहून बसलो ना मी.

२० ऑक्टोबर

उपाय सापडला. सापडला काय, समोरच होता, माझंच डोकं चाललं नाही. उसना! हौद आहेत, बॉयलर आहे. धान भिजवायचा, वाफ द्यायची, सुकवायचा, मंग मिलले टाकायचा. दाणा आतून घट्ट होते, तुटायचं नाव नाही. अर्धं गोंदिया उसन्यावर जगते.

एलिया म्हणाला, "मिस्त्री, इधर धान पकाते नहीं."

"इसीलिए टूटता है!"

"मामा से पूछें?"

"मामा को क्या पूछना? गोंदिया का मिस्त्री मैं हूँ."

तो गेला लाकडं आणायले.

२४ ऑक्टोबर

हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय लिहू.

सकाळी तांदूळ निघाला तेव्हा असा, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. लांब, आख्खा, शंभरात दोन तुकडे नाहीत. मी चादर अंथरून ढीग लावला. बाया रंगीत कापडं गुंडाळून, गाणी म्हणत आल्या. मामा खाली बसल्या, मूठ भरली. मले वाटलं आता डोळ्यांजवळ नेतील, कनकी पाहतील. त्यांनी नाकाजवळ नेली.

एकदा. मंग दुसऱ्यांदा. मंग बाजूच्या बाईले दिली, तिनं पुढच्या बाईले. गाणं कधी थांबलं ते मले समजलं नाही. मामांनी मूठ पुन्हा ढिगात सोडली, हात झाडले, एलियाले चार शब्द बोलल्या, मले हात जोडले अन गेल्या. आणलेल्या टोपल्या रिकाम्याच नेल्या.

"क्या बोली?"

एलिया खाली पाहून राहिला होता. "मिस्त्री, मामा बोली, ये चावल मर गया."

मेला म्हणे! असा आख्खा तांदूळ उभ्या जन्मात पाहिला नसंल या बायांनी. एलिया सांगून राहिला की इथल्या तांदळाले वास असते, त्याच्यासाठी दूरदूरून लोक येतात, धान शिजवला की तो वास जाते. वास! तांदूळ म्हणजे काय अत्तर आहे? माझं नाक तं दहा वर्षांपासून कामातून गेलं, कोंड्याची धूळ, तिरोड्याच्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून काय माझं काही अडलं? नाचता येईना, अंगण वाकडं.

२७ ऑक्टोबर

तीन दिवस कोणी आलं नाही. मिलमध्ये एलिया अन मी. तो दार झाडते, मी नटबोल्ट पुसतो. दुपारी चौकातल्या हलरचा आवाज इथपर्यंत येते. मोडका आहे हो तो हलर, बेअरिंग गेलेलं आहे, ऐकूनच समजते. तिथं रांग लागली आहे.

२८ ऑक्टोबर

मनिरामचा फोन आला. चुलतभाऊ माझा, कापणी त्याच्याकडंच सोपवली होती.

"भाऊ, तीन बांध्या कापल्या. वहिनी कोपऱ्याले हात लावू देत नाई."

"काऊन?"

"मले का मालूम गा. मी विळा घेऊन गेलो तं बांधीच्या धुऱ्यावर आडवी झाली. म्हणे, थो धान भारी हाये, अजून महिनाभर पानी मांगते. दोघी मायलेकींनी बोडीच्या तळ्यावर इंजन लावलं, दिवसभर पानी काढून राहिल्या. गाव हासून राहिलं."

मी तिकडं नाही तं हे असं. इथं मले कोणी विचारत नाही, तिथं माझं कोणी आयकत नाही. देवकाले फोन करून चांगलं ठणकावणार होतो. केला नाही. ती विचारल, तुमची मिल कशी चालली म्हणून.

१ नोव्हेंबर

आज लक्ष्मीपूजन. उद्या गायगोधन, गाईंची पूजा, मंग गावोगावच्या मंडईच्या जत्रा, दंडारीचे नाच. इथं शुक्रवार आहे, बस.

बॉयलरजवळ एक पणती लावली, म्हणजे टिनाच्या झाकणात तेल. दामिनीनं व्हिडिओ कॉल केला, अंगणातली रांगोळी दाखवली, मागून फटाके. देवका थकलेली दिसली, हाताले पट्टी होती. मी विचारलं काय झालं, ती म्हणे काही नाही, इंजनचं हँडल लागलं. मी कोपऱ्याचं काढणार होतो, पण सणाचा दिवस, सोडून दिलं. ती म्हणाली, "तुमच्या वाटचा भात ताटात वाढला हाये, पाहा." अन मोबाइल ताटावर धरला. मले तं नुसतं पांढरं दिसलं. मंग रेंज गेली.

त्याच्यानंतर मी ऑफिसात बसून रडलो. लिहायचं नव्हतं, पण दामिनी म्हणाली होती बोलायले कोणी नसलं तं लिहा.

दुपारी एलिया झाकलेलं ताट घेऊन आला. म्हणे, मामांनी पाठवलं. त्यानंच त्यांना सांगितलं होतं, आज मिस्त्रीचा सण आहे. भात अन शेंगदाण्याची भाजी. धान मामांनी स्वतः उखळात कांडला. झाकण काढलं, वाफ तोंडावर आली अन मी तसाच बसलो. वास आला मले. दहा वर्षांत नाही आला तो. सव्वा महिना झाला, कोंड्याची धूळ नावालेच, नाक उघडलं वाटते.

अन वास ओळखीचा. आमच्या घरच्या दिवाळीच्या भाताचा, म्हणजे नाक होतं तेव्हाचा. देवकाच्या हातालेच ती गोडी आहे असं मी सगळ्यांना सांगतो. ती भातात काय टाकते ते एकदा विचारलं पाहिजे.

ताट धुऊन परत दिलं. सगळं खाल्लं.

४ नोव्हेंबर

आज मामांच्या घरी गेलो. एलियाले म्हटलं, चल, अन तू फक्त मी बोलतो तेच सांग, माझी बाजू घेऊ नको. अंगणात त्या सुपानं धान पाखडून राहिल्या होत्या. सूप आमच्यासारखंच, वेत वेगळा.

मी म्हटलं, "मामा, गलती मेरी. तुम्हारा धान मैंने मारा. मेरे को बताओ, कैसे करना?"

गोंदियाच्या मिस्त्रीनं असं विचारायची ही पहिलीच वेळ. बोलून गेलो अन हलकं वाटलं.

मामांनी सूप खाली ठेवलं. मले बाजूचं पीढं दिलं. म्हणाल्या, धान गोदामातून आला तसाच मशीनमध्ये टाकायचा नाही. भरडायच्या आधी सकाळच्या दवात पसरायचा, जरा नरम होऊ द्यायचा. अन कनकी? त्या हासल्या, दात दिसले. एलियानं सांगितलं, "मामा बोलती, टूटा चावल बच्चे को, बूढ़े को, दलिया बनाने को. टूटा चलता. मरा नहीं चलता."

सत्तावीस वर्षं मी कनकीले वैऱ्यासारखं पाहिलं. माझी मायही कनकीची आंबील करायची, विसरलोच होतो.

११ नोव्हेंबर

मामांनी पुन्हा दिलेला, दवात पसरलेला धान, सेलर ढिला, चाल कमी, पॉलिश एकच हात. शंभरात अठरा तुकडे. माझ्या हातून असा तांदूळ निघाला हे गोंदियात कोणाले सांगू नये. पण पॉलिशरच्या तोंडाशी उभा राहिलो अन मिलभर वास. मी नाकानं मशीन लावली, जन्मात पहिल्यांदा. कानानं लावत होतो आजवर.

मामांनी मूठ नाकाजवळ नेली. एकदाच. मंग पदरासारखं कापड पुढं केलं अन म्हणाल्या, भरा.

१५ नोव्हेंबर

बायांची रांग चौकापर्यंत. एलिया स्वतः मशीन चालवून राहिला, मी नुसता हात मागं बांधून फिरतो. सव्वीसचं विमान पक्कं झालं.

दुपारी मामा एलिव्हेटरसमोर उभ्या होत्या. लाल अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलं? एलियाच सांगून मोकळा झाला, हे मिस्त्रीचं गाव, तिथला तांदूळ जगात नंबर एक. ऐकून ऐकून पाठ झालं बिचाऱ्याले.

मंग मामांनी मले विचारलं, "तुमच्या गोंदियात असा वासाचा तांदूळ आहे?"

खोटं बोलता आलं असतं. इथं कोण पाहायले येणार होतं? पण नाही बोललो. म्हटलं, था. चिन्नोर. माझ्या बापाच्या वेळी. आमच्याकडं तं एका घरी शिजला की चार घरं पलीकडं समजायचं. मंग मीच बंद केला. आठ वर्षं झाली. भारी धान, उशिरा निघते, पिकते निम्मा, शेवटपर्यंत पाणी मांगते. मी म्हटलं होतं, परवडत नाही, सगळीकडं हलका धान टाका.

एलियानं सांगितलं.  मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जसा कोणाच्या घरी मयत झाल्यावर ठेवतात.

१६ नोव्हेंबर

सकाळी उठल्याबरोबर फोन लावला. रात्रभर तेच डोक्यात.

"देवका, एक विचारतो. बाबाच्या वेळचं चिन्नोरचं बी कुठं राहिलं असंल का? ढोलीत, माळ्यावर, मूठभर? कोणाच्या घरी?"

"कायले?"

"लावू म्हणतो पुढच्या साली. इथल्या तांदळाचा वास आला मले, तवापासून जीव लागत नाई. आपल्याकडचा संपला. मीच संपवला."

 

"अजी," ती म्हणाली, "दर दिवाळीले तुमी काय खाता?"

"भात खातो. काऊन?"

"कोनता?"

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"बाबांनी जाताना मले सांगतलं होतं, बी तुटू देजो नोको. तुमी नाई म्हणलं, मंग मी कोपऱ्यातच लावत आलो. आठ साल झाले, तुमी मिलमधून बांधीत कधी आलेच नाई. तुमाले वासच येत नोता, म्हणून सांगतलं नाई. म्हटलं, खाऊन तं राहिले."

कोपरा. निसवून राहिला म्हणाली होती. दोन पाणी पाहिजेत म्हणाली होती. धुऱ्यावर आडवी झाली होती, हाताले पट्टी होती. अन मी म्हटलं होतं, सप्पा एका दमात कापून टाक. मिस्त्री म्हणे मी, तांदळाचा. 

"कापला का व?" एवढंच विचारलं.

"नाई. लोंब्या वाकल्या हायेत, पिवळ्या पडून राहिल्या. दहा-बारा दिवस लागतीन."

"मी सत्तावीसले घरी येतो. तोवर थांबशील?"

"थांबूनच तं राहिलो," देवका म्हणाली. "जेवले का?"

"नाही," मी म्हटलं. "चहाही नाही घेतला अजून."